रविवारचा वरण-भात आणि गार पांढरी वाइन

रविवारी दुपारी ताटात वरण-भात, त्यावर तूप, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर, भाजलेला उडदाचा पापड आणि ताटाशेजारी पेलाभर गार, कोरडी, आंबटसर पांढरी वाइन. माझी मागणी एवढीच आहे. इटलीत व्हेरोनाजवळ सोआवे नावाचं गाव आहे. तिथला शेतकरी रविवारी दुपारी जेवायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे व्हेरोनाच्या दक्षिणेला पिकलेल्या तांदळाचा रिसोत्तो असतो आणि पेल्यात त्याच्या शिवारातल्या गार्गानेगा द्राक्षाची वाइन असते. त्याच्या घरावरून जाणारा माणूस थांबून त्याला जाब विचारत नाही. वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत मला मात्र जाब द्यावा लागतो. तोही एकालाच नाही, सगळ्यांना: हवामानाला, विजेला, दुकानदाराला, शेजाऱ्याला, पाहुण्याला आणि पंचांगाला.

हवामानाचं आधी सांगतो. ही वाइन आठ ते दहा अंशांवर प्यायची असते. त्याहून गरम झाली की तिच्यातला आंबटपणा ढिला पडतो आणि अल्कोहोलचा वास पुढे येतो. पार बर्फासारखी केली तर तिचा स्वतःचा वासच गोठतो. म्हणजे जागा अरुंद आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. बाटली फ्रीजमध्ये दोन-अडीच तास ठेवली तर बरोबर त्या जागेवर येते, पण बरोबर त्याच वेळी लाइन जाते. आठवडाभर दुपारी टिकणारी लाइन रविवारी अकरा वाजता का जाते, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. मग बाटलीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या छोट्या कूलरपुढे ठेवायची. कोरड्या हवेत फडक्यातलं पाणी उडतं आणि बाटली निवते, पण आठ अंशांपर्यंत कधीच जात नाही. बर्फ असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवायची. वीस मिनिटांत काम होतं. पण लाइन गेल्यावर बर्फ आणायचा कुठून?

फ्रीजमध्ये जागा मिळवणं हीदेखील एक लढाई आहे. त्यात दुधाचं पातेलं, कणकेचा गोळा, इडलीचं पीठ आणि उन्हाळ्यात आंब्याच्या रसाचं गंज असतं, आणि दारात पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या. वाइनची बाटली उंच असते, ती दाराच्या कप्प्यात बसत नाही. आडवी ठेवली की कोणीतरी पाणी घेताना ती सरकवतं आणि भाज्यांच्या ड्रॉवरवर ठेवून देतं. तिथली थंडी वेगळी असते. हे घरात सांगितलं की सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मी देवघर हलवायला सांगितलं.

वर्षातले हवामानाच्या दृष्टीनं योग्य महिने मोजायला गेलं तर श्रावण येतो. तेव्हा पाऊस पडलेला असतो, ऊन उतरलेलं असतं, शिवारात सोयाबीन हिरवं असतं आणि दुपारी जेवताना घाम येत नाही. बाटलीलाही बरं वाटावं असा तो महिना आहे. पण आमच्या घरात श्रावण पाळतात आणि मीही पाळतो. त्याबद्दल माझं गाऱ्हाणं नाही, व्रत व्रताच्या जागी. मात्र श्रावण संपल्यावर येणाऱ्या रविवारी चतुर्थी नसावी, घरी गणपती नसावेत, पितृपक्ष नसावा आणि आचारसंहितेचे दिवस नसावेत, एवढं जुळायला दिवाळी उजाडते. मतदान संपण्याच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास दारूची दुकानं बंद असतात, हा देशाचा कायदा आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, लोकसभा हे सगळं एकापाठोपाठ एक लागलं की रविवारचं जेवण कोणाच्या आठवणीत राहतं?

आता दुकान. आम्हाला कारंज्याला जावं लागतं. तिथल्या एका दुकानात पांढऱ्या वाइनच्या तीन-चार बाटल्या असतात आणि त्या दर्शनी काचेत, उन्हात, उभ्या ठेवलेल्या असतात. रंगाला उठाव येतो म्हणून. व्हिस्की आत गार सावलीत. व्हिस्कीला उन्हानं फारसं काही होत नाही. पांढऱ्या वाइनला मात्र उजेड आणि उष्णता दोन्ही मारतात. पांढऱ्या काचेच्या बाटलीतून सूर्यप्रकाश गेला की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, शिळ्या कोबीचा वास लागतो. हे दुकानदाराला मी नीट सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, वाइन तं जेवढी जुनी तेवढी चांगली ना!" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. जुनी झाल्यावर सुधारते अशी वाइन जगात थोडी आहे. सोआवे, पिनो ग्रीजो, गावी, वेर्मेंतीनो अशा इटलीच्या हलक्या पांढऱ्या वाइन्स किंवा आपल्या नाशिकची सोव्हिन्यों ब्लां यांच्यातल्या बहुतेक एका-दोन वर्षांत पिऊन संपवायच्या असतात. त्या लाकडी पिंपात ठेवत नाहीत. पोलादी टाक्यांत बारा ते सोळा अंशांवर गार ठेवून आंबवतात, कारण द्राक्षाचा ताजा वास आणि आंबटपणा धरून ठेवायचा असतो. त्यासाठी वायनरी एवढी वीज जाळते, द्राक्ष पहाटेच्या गारव्यात तोडते, आणि चार वर्षांनी ती बाटली कारंज्याच्या उन्हात उभी राहते. बाटलीवर द्राक्ष तोडल्याचं वर्ष छापलेलं असतं. दुकानदारानं ते बघायला हवं. ग्राहकानंही बघायला हवं. मी बघतो, आणि बाटली परत देतो, तेव्हा रांगेतले लोक माझ्यावर चिडतात.

पूर्वी माल लांबून येतो ही सबब होती. आता तीही राहिलेली नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, कारंजा लाडला त्याचा इंटरचेंज आहे, आणि 5 जून 2025 पासून हा रस्ता नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला. नाशिकच्या बाजूचा टोमॅटो सकाळी भरून दुपारी इकडे उतरू शकतो. वाइन का उतरू शकत नाही, ताजी, गार गाडीत? तिला मागणी नाही असं म्हणतात. उन्हात उकडलेली बाटली एकदा घेणारा माणूस दुसऱ्यांदा घेणार कशाला?

किमतीचं बोलतो, पण थोडकंच. खरी इटलीची बाटली आमच्याकडे पोचेपर्यंत दीड-दोन हजारांच्या घरात जाते. 2021 च्या अर्थसंकल्पात आयात दारूवरचं मूळ सीमाशुल्क 150 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणलं आणि त्याच दिवशी 100 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. बेरीज तीच राहिली. 2024-25 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, म्हणजे इटलीची एक बाटली तीस ते चाळीस किलो सोयाबीनची. तोही हमीभाव मिळाला तर. शेतीवर जगणाऱ्या घरानं रविवारच्या जेवणासाठी एवढं सोयाबीन द्यावं असं मी म्हणणार नाही.

म्हणून मी महाराष्ट्राच्या बाटलीकडे वळतो, आणि इथं माझं मन खरोखर भरून येतं. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीनं फेसाळ वाइन काढली आणि ती परदेशात विकली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी सुला उभी केली आणि 2000 साली तिची पहिली वाइन बाजारात आली. ती पांढरीच होती, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनँ ब्लां. 2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. विंचूर आणि पलूस इथं वाइन पार्क झाले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या मोहिते-पाटील कुटुंबातले भाऊ, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्ची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली सुरू केली आणि तोस्कानातून पिएरो मासी हे वाइनतज्ज्ञ माळशिरस तालुक्याच्या माळरानावर येऊन राबले. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला रेव्हेलोनं तर सिसिलीची ग्रिलो ही पांढऱ्या द्राक्षाची जातच लावली. ग्रिलो ही सिसिलीतल्या उन्हाची जात आहे. कातारात्तो आणि झिबिब्बो या दोन जुन्या जातींच्या संकरातून ती एकोणिसाव्या शतकात झाली, आणि पुढे मार्साला वाइनसाठी वापरली गेली. उन्हातही आंबटपणा टिकवते, हा तिचा गुण. आपल्याला नेमका तोच हवा होता.

यामागचे कष्ट लोकांना माहीत नाहीत. इटलीत वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा छाटणी होते आणि ऑगस्टपासून द्राक्ष तोडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. म्हणजे पावसाळा टाळून, हिवाळ्याच्या थंड रात्रींचा फायदा घेऊन, ऊन तापायच्या आधी माल काढायचा. रात्री गार असल्या की द्राक्षातलं आम्ल टिकतं; उशीर झाला की साखर वाढते आणि आम्ल जळतं. एवढं सांभाळून जी बाटली तयार होते तिच्या लेबलवर सहसा एक मराठी अक्षर नसतं. देशी दारूच्या बाटलीवर मराठी असतं. निफाडच्या शेतकऱ्याच्या द्राक्षाचं वर्णन मात्र इंग्रजीत, तेही पॅशन फ्रूट, गूसबेरी आणि नेटलच्या पानांच्या भाषेत. इंझोरीत पॅशन फ्रूट कोणी पाहिलंय? मी जी पितो तिला कच्च्या कैरीचा वास येतो, लिंबाच्या चुरगळलेल्या पानाचा येतो, कधी नुकत्या कापलेल्या गवताचा येतो. हे लिहायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. लिहिलं तर आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळेल की या बाटलीत द्राक्ष आहे, आणि ते कुठल्या शेतातलं आहे.

माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं मापाचं आहे. देशी दारू आमच्याकडे 90 मिलीत मिळते, 180 च्या पव्व्यात मिळते. तिच्यात 42.8 टक्के अल्कोहोल असतं. मजुरीचे पैसे हातात पडले की माणसाला परवडेल अशा मापात ती हात जोडून उभी आहे. आणि बारा-साडेबारा टक्क्यांची, जेवणासोबत घ्यायची वाइन फक्त 750 मिलीत. इटलीतल्या साध्या खानावळीत पाव लिटर मागा, अर्धा लिटर मागा, जगमधून आणून देतात. आपल्या वायनऱ्याही 375 मिलीच्या छोट्या बाटल्या काढतात, डबेही काढतात, पण ते मुंबई-पुण्याला. तालुक्याच्या दुकानात विचारलं की "थे नाई येत इकडं" एवढंच उत्तर. आम्ही दोघं. मी दीडशे मिली, बायको त्याच्या अर्धं. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस बरी राहते आणि मग तिचा आंबटपणा व्हिनेगरच्या दिशेनं निघतो. पुढचा रविवार सात दिवसांवर असतो. ज्या राज्यानं कडक दारू लहान मापात आणि सौम्य वाइन मोठ्या मापात पोचवली, त्या राज्याला मी विचारतो: हे कोणाच्या भल्यासाठी?

हा प्रश्न मी वरवर विचारत नाही. या जिल्ह्यात बाटली म्हटली की काय आठवतं ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी पव्वा मारून घरी येणारा नवरा, विकलेली शेळी, पोरीच्या शिक्षणाचे उडालेले पैसे. महाराष्ट्रात गावच्या बायांना दुकान बंद करण्याचा हक्क आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान उठतं. त्यासाठी बाया उन्हात रांगा लावतात, धमक्या सहन करतात. वर्धा जिल्हा दारूबंद आहे, गडचिरोलीही. ज्या बाया आडव्या बाटलीला मत देतात त्यांच्या बाजूनं मी आहे, आणि आमच्या गावात तशी वेळ आली तर माझ्या घरचं मत तिकडेच जाईल. मग पांढरी वाइन कारंज्याहून आणावी लागते याबद्दल तक्रार राहणार नाही. तक्रार वेगळी आहे. जेवणासोबतचा एक पेला आणि रिकाम्या पोटावरचा पव्वा यांतला फरक ओळखणारी एकही व्यवस्था आमच्याकडे नाही. ना दुकानात, ना कायद्यात, ना ओट्यावर.

27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा महिनाभर राज्यात दुसरं बोलणं नव्हतं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अंमलात आलाच नाही. त्या सगळ्या भांडणात वाइन म्हणजे दारू की नाही यावर सगळे बोलले. बाटली गार जागी राहील, ताजी राहील, आणि अर्ध्या मापात मिळेल का, हे कोणीच विचारलं नाही. इंझोरीत एवढं मोठं सुपरमार्केट नाही, तरी मला ते लागलं.

ओट्यावरचं सांगायचं तर रविवारी जेवायला बसलो की शेजारचे काका दारातून डोकावतात.

"काहो भाऊ, भर दुपारीच?"

"जेवतो हाय काका. या, बसा."

"मंग बाटली कायले?"

"जेवनासंगचीच हाय थे."

काका बसत नाहीत. ते पुढे जातात आणि पुढच्या ओट्यावर थांबतात. मला त्यांचा राग नाही, त्यांनी ज्या दुपारी पाहिल्या आहेत त्या वेगळ्या होत्या. पण कोणी दारात दिसलं की बायकोचा पेला आधी उचलला जातो आणि स्वयंपाकघरात ओट्यामागे जातो; माझा तसाच ताटाजवळ राहतो. तिच्या पेल्यात माझ्या निम्मंच असतं. हे मला दरवेळी टोचतं. सोआवेच्या त्या शेतकऱ्याची बायको पेला लपवत नाही. या घरात दोघांनी मिळून तूर सोंगली, दोघांनी मिळून कर्ज फेडलं, आणि जेवणाच्या पेल्यालाच दोन कायदे?

पुण्याहून येणारे पाहुणे हा दुसऱ्या टोकाचा ताप. ते पेला गोल फिरवतात, नाकाशी धरतात आणि भिंतीकडे बघत विचार करतात. इकडे वरण थंड होतं. वास घ्यावा, जरूर घ्यावा, पण घास तोंडात घालूनही घ्यावा, कारण ही वाइन घासासाठीच केलेली आहे. त्यांच्यातले एक आणखी पुढे गेले: उंच देठाचा पेला नाही म्हणून त्यांनी वाइन घेतलीच नाही. इटलीच्या खेड्यात साध्या बुटक्या काचेच्या पेल्यात पितात आणि त्यांचं काही अडत नाही. याउलट गावातले मित्र आले की पेल्यात बर्फ टाकतात, वर सोडा, आणि एका घोटात संपवून म्हणतात, "काही चढत नाई राजेहो!" ती चढवायला आणलेलीच नव्हती. वरणावर लिंबू पिळतो तेव्हा आपण लिंबू चढलं का असं विचारतो? ताटात तिचं काम लिंबासारखंच आहे. तुपाचा थर जिभेवरून धुवायचा, तोंडाला पाणी सुटवायचं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागू द्यायचा.

जेवणाबद्दल मी आग्रही आहे आणि ते लपवत नाही. वरण-भात-तूप हे तिचं पहिलं घर. कढी-गोळे जमतात, कढी फार आंबट नसेल तर. अडाण धरणातली ताजी मरळ हळद-मीठ लावून तव्यावर परतली आणि लिंबू पिळलं, तर इटलीच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही ताटाला मी हार जाणार नाही. डिसेंबर-जानेवारीत शेतावर हुरडा भाजतात तेव्हा कोवळ्या ज्वारीच्या गोडसर दाण्यासोबत ती फार छान लागते. फक्त लसणाची चटणी बेतानं. भरलं वांगं नको. तिखट रश्शाचं मटण तर नकोच, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि वाइनचा बिचारा आंबटपणा त्यात जळून जातो. मटणाच्या रविवारी ताक प्यावं. हे घरात सगळ्यांना मान्य आहे, पण पाहुणे आले की मटण होतं आणि पाहुणे आले की बाटलीही निघते, आणि दोन्ही एकाच ताटाशी येतात. मी बाटली परत आत नेतो. मग मी कंजूष ठरतो.

एवढ्या सगळ्यावर माझी मागणी तीन माणसांकडे आहे. वायनरीवाल्यांनी 375 मिलीची बाटली समृद्धीवरून कारंज्यापर्यंत पाठवावी, हिवाळ्यात पाठवावी, आणि लेबलावर मराठी लिहावं. दुकानदारानं ती काचेतून काढून आत, सावलीत, जमिनीलगत ठेवावी आणि मागच्या वर्षाची आधी विकून टाकावी. आणि काकांनी पुढच्या रविवारी दारातून न जाता आत यावं. पाट मांडलेला असेल, वरण-भात असेल, आणि त्यांच्यासाठी ताक.